दुखापतीनंतरचा शिअरर

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू एकच प्रश्न तीन-चार तऱ्हांनी विचारलास, की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा यंदाचा फुटबॉल हंगाम तुला पकडता येईल का. त्याचे उत्तर मी तेव्हाच दिले होते आणि आजही तेच देते: येणार नाही. शस्त्रक्रियेला अजून सहा महिनेही पूर्ण झालेले नाहीत, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे एखादा परका मुलगा हाच गुडघा घेऊन आला असता तर त्यालाही मी मैदानावर पाऊल ठेवू दिले नसते. पण फोन ठेवताना तू जे म्हणालास, की स्ट्रायकरचा, म्हणजे गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूचा, वेग गेला म्हणजे तो संपलाच, ते माझ्या मनातून जात नाही. ते खरे नाही. ते खरे का नाही हे नीट सांगायला फोन पुरत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

तुझ्या भिंतीवर हालांड आणि एम्बापे आहेत. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण या दिवसांत तू ज्याची कारकीर्द बारकाईने पाहावीस असे मला वाटते तो माणूस त्यांच्या एक पिढी आधीचा आहे. अ‍ॅलन शिअररचे नाव तुला ठाऊक आहे ते प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधील २६० गोलांमुळे. हॅरी केन २१३ गोलांवर इंग्लंड सोडून जर्मनीला गेला आणि तो विक्रम तसाच राहिला. मला मात्र त्या आकड्यापेक्षा त्याच्यामागची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. हे गोल करणाऱ्या माणसाच्या उजव्या गुडघ्याचे तेच लिगामेंट बाविसाव्या वर्षी फाटले होते जे तुझे फाटले, सव्विसाव्या वर्षी त्याचा घोटा मोडला होता, आणि तिशीत पुन्हा गुडघ्याने त्याला जवळजवळ अर्धा हंगाम बाहेर बसवले होते. एवढे होऊनही तो पस्तीस वर्षांचा होईपर्यंत इंग्लंडच्या सर्वोच्च पातळीवर सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळत राहिला. आम्ही फिजिओथेरपी शिकत होतो त्या काळात तो खेळत होता, शनिवारी रात्री केबलवर त्याचे सामने लागत, आणि आमच्यापैकी फुटबॉलवेड्या मुलामुलींसाठी तो चालताबोलता अभ्यासविषय होता.

त्याचा जन्म १३ ऑगस्ट १९७० चा, न्यूकॅसलच्या गॉसफर्थ भागातला. वडील पत्र्याचे काम करणारे कामगार होते. वॉल्सेंड बॉइज क्लब नावाचा एक साधा मुलांचा क्लब त्या परिसरात आहे, जिथून पीटर बिअर्डस्ली आणि मायकेल कॅरिकसारखे खेळाडूही आले. तिथे खेळताना जॅक हिक्सन या जाणत्या माणसाने त्याला हेरले आणि साउदॅम्प्टनला पाठवले. नकाशा काढून पाहा: न्यूकॅसल इंग्लंडच्या उत्तर टोकाला आणि साउदॅम्प्टन थेट दक्षिण किनाऱ्यावर. ज्या वयात तू अजून आजीच्या हातचे जेवून सरावाला जात होतास त्या वयात हा मुलगा घर सोडून तिथे राहायला गेला.

९ एप्रिल १९८८ रोजी आर्सेनलविरुद्ध तो पहिल्यांदा सुरुवातीपासून मैदानात उतरला आणि त्याच सामन्यात त्याने तीन गोल केले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत इतक्या लहान वयात कोणीही हॅट्‌ट्रिक केली नव्हती, जिमी ग्रीव्ह्जसारख्या दिग्गजाचा विक्रम त्या दिवशी मोडला गेला. आता यापुढचे आकडे लक्ष देऊन वाच, कारण ते सहसा कोणी सांगत नाही. पुढच्या संपूर्ण हंगामात त्याला लीगचे दहा सामने मिळाले आणि एकही गोल झाला नाही. त्यानंतरच्या हंगामात सव्वीस सामन्यांत तीन गोल झाले आणि त्याच्या पुढच्या हंगामात चौतीस सामन्यांत चार. म्हणजे हॅट्‌ट्रिक केल्यानंतरची तीन वर्षे त्याने बहुतेक वेळ इतरांसाठी चेंडू अडवून धरण्यात, बचावपटूंचे धक्के खाण्यात आणि कडेने धावणाऱ्या मॅट ल टिसिए व रॉड वॉलेस यांना जागा करून देण्यात घालवली. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत त्याच्यावर टीका झाली असेलच, पण संघाने त्याला काढले नाही, कारण गोल न करतानाही तो संघाच्या उपयोगी पडत होता. पुढे दुखापतीनंतर त्याला ज्या खेळाने तारले तो त्याने याच कोरड्या वर्षांत शिकून घेतला होता, असे माझे ठाम मत आहे.

१९९१ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील तूलाँच्या स्पर्धेत एकवीस वर्षांखालील इंग्लंड संघाकडून त्याने चार सामन्यांत सात गोल केले, पुढच्या फेब्रुवारीत वेम्ब्लीवर फ्रान्सविरुद्ध वरिष्ठ संघातल्या पहिल्याच सामन्यात गोल केला, आणि १९९२ च्या उन्हाळ्यात ब्लॅकबर्न रोव्हर्सने तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजून त्याला घेतले. ब्रिटनमधील तोवरची ती सर्वांत मोठी खरेदी होती. पोलादाच्या धंद्यात पैसा कमावलेले जॅक वॉकर या क्लबचे मालक होते आणि केनी डॅल्ग्लिश व्यवस्थापक. प्रीमियर लीगचा तो पहिलाच हंगाम. शिअररने डिसेंबरपर्यंत एकवीस सामन्यांत सोळा गोल केले होते.

आणि मग २६ डिसेंबर १९९२ रोजी लीड्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याचे एसीएल गेले, म्हणजे तुझे फाटले तेच लिगामेंट.

त्या काळात या दुखापतीचे नाव घेतले तरी ड्रेसिंग रूममध्ये शांतता पसरत असे. इंग्लंडच्या पॉल गॅस्कॉइनचा गुडघा १९९१ मध्ये एफए कप या तिथल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात असाच गेला होता आणि सगळ्या इंग्लंडच्या डोळ्यांसमोर ते उदाहरण ताजे होते. आज तुझी शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली, दुसऱ्या दिवशी तू कुबड्या घेऊन उभा राहिलास आणि व्यायामाचा पहिला कागद तुझ्या हातात पडला. तीस वर्षांपूर्वी ही वाट इतकी मळलेली नव्हती. शिअरर उरलेला संपूर्ण हंगाम बाहेर राहिला. संघ अव्वल संघांच्या बरोबरीने झुंजत होता, इतके पैसे मोजून आणलेला माणूस प्रेक्षकांत बसून होता, आणि तरीही त्याला घाईने परत उतरवले गेले नाही. तो परतला ते पुढच्या हंगामात.

इथे मला थोडा वेळ तुझ्या गुडघ्याविषयी बोलू दे. तुझ्या मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग, काढून गुडघ्याच्या मध्यभागी, मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यात बसवला आहे. हा कंडरा बसवताना मजबूत असतो. पण नंतर त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे त्यातल्या पेशी मरतात, नवीन रक्तवाहिन्या आत शिरतात, नवीन तंतू तयार होतात, आणि हे सारे चालू असताना तो पहिल्या दिवसापेक्षा कमजोर होतो. अडचण अशी की नेमक्या याच काळात सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि खेळाडूला वाटते की गुडघा बरा झाला. तुला आज तसेच वाटते आहे. गुडघा दुखत नाही याचा अर्थ कंडरा तयार झाला असा होत नाही. नऊ महिन्यांच्या आत वळणे घेणाऱ्या, उड्या मारणाऱ्या खेळांत परतलेल्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण कितीतरी जास्त आहे, हे एव्हाना चांगले अभ्यासलेले आहे. त्यातही नऊ महिने हा फक्त दिनदर्शिकेचा हिशेब झाला. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के हवी, एका पायावरच्या लांब उडीतही तितकीच बरोबरी हवी, आणि उडीवरून उतरताना गुडघा आत झुकता कामा नये. तू मला पाठवलेल्या व्हिडिओत तो अजून झुकतो. तुला तो दिसला नसेल, मला पहिल्याच उडीत दिसला.

शिअरर परतला आणि त्या १९९३-९४ च्या हंगामात त्याने लीगमध्ये एकतीस गोल केले. पुढच्या हंगामात चौतीस, त्याच्या पुढच्या हंगामात पुन्हा एकतीस. एसीएल फाटलेल्या माणसाने केलेले हे सलग तीन हंगाम आहेत, आणि तू फोनवर जे वाक्य बोललास त्याला याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही. स्टुअर्ट रिप्ली आणि जेसन विलकॉक्स दोन्ही कडांनी क्रॉस, म्हणजे गोलसमोर येणारे चेंडू, टाकत, क्रिस सटन त्याच्या शेजारी खेळे, आणि शिअरर गोलरक्षकासमोरच्या त्या अरुंद जागेत प्रतिस्पर्ध्याच्या अर्धे पाऊल आधी पोहोचे. १४ मे १९९५ रोजी शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलकडून २-१ ने हरले, पण मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखले आणि १९१४ नंतर पहिल्यांदा विजेतेपद ब्लॅकबर्नकडे आले. त्यांचा एकमेव गोल त्या दिवशी शिअररचाच होता. विजय कसा साजरा करणार असे विचारल्यावर घराच्या कुंपणाला रंग देणार आहे, असे उत्तर त्याने दिल्याची गोष्ट तिकडे अजून सांगतात. मला ती फार आवडते.

१९९६ च्या युरो स्पर्धेची गोष्ट तुझ्या बाबांना तोंडपाठ आहे, त्यामुळे ती मी लांबवत नाही. फक्त एवढे लक्षात घे की त्या स्पर्धेआधी इंग्लंडकडून बारा सामने आणि एकवीस महिने त्याचा एकही गोल नव्हता. प्रशिक्षक टेरी व्हेनेबल्स यांनी त्याला आधीच सांगून टाकले होते की काहीही झाले तरी पहिला सामना तूच खेळणार. मग स्वित्झर्लंड, स्कॉटलंड, हॉलंडविरुद्ध दोन, आणि उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला, असे पाच गोल करून तो स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. इंग्लंड तो सामना पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. ज्या क्लबमध्ये प्रशिक्षक तुझ्या पाठीशी असा उभा राहील तिथे परत जा, आणि जो तुला आत्ताच उतर म्हणून भरीला घालतो आहे त्याच्याकडे थोडे संशयाने पाहा, इतकेच मला यावरून सुचवायचे आहे.

त्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेड त्याला घ्यायला तयार होते. तो तिथे गेला असता तर पदकांनी त्याचे कपाट भरले असते, यात शंका नाही. त्याने न्यूकॅसल निवडले, दीड कोटी पौंडांना, जी तेव्हा जगातली सर्वांत मोठी रक्कम होती. सेंट जेम्स पार्कबाहेर जमलेल्या हजारो लोकांना त्याने आपण न्यूकॅसलच्या एका पत्रा-कामगाराचा मुलगा आहोत असे सांगितले. लेस फर्डिनंडने नऊ नंबरची जर्सी त्याच्यासाठी सोडली. पुढच्या दहा वर्षांत न्यूकॅसलकडून त्याला एकही करंडक मिळाला नाही. १९९८ आणि १९९९ असे लागोपाठ दोन वर्षे एफए कपचे अंतिम सामने संघ हरला. लोक याबद्दल त्याची कीव करतात. त्याने स्वतः कधी पश्चात्ताप व्यक्त केलेला नाही, आणि ज्या पेठेच्या संघासाठी तू दुसऱ्या पेठेचे पैसे नाकारलेस ती पेठ तुझ्या आजोबांचीही होती, म्हणून हे तुला मी समजावून सांगायची गरज नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे तिथे येते.

१९९७ च्या जुलैमध्ये, हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या एका स्पर्धेत, एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर, तो एका लांब चेंडूमागे धावत होता. कोणी त्याला पाडले नाही. त्याचा पाय हिरवळीत अडकला आणि शरीर पुढे गेले. पायाचे फिब्युला हे हाड मोडले, घोट्याची लिगामेंट फाटली. तुझीही दुखापत अशीच झाली होती ना, जवळ कोणी नसताना, वळताना? कोणाला दोष देता येत नाही म्हणून ती मनाला जास्त लागते, हे मी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांत पाहिले आहे. शिअरर पुढच्या जानेवारीत परतला, सतरा सामने खेळला आणि त्यात दोन गोल झाले. लागोपाठ तीन वर्षे लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या माणसाचे हे दोन गोल होते.

यावेळी त्याचा वेग खरोखरच कमी झाला. ब्लॅकबर्नमध्ये असताना तो बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत धावत सुटायचा, कोपऱ्याकडे गेलेला चेंडू स्वतः पकडायचा आणि प्रसंगी स्वतःच क्रॉस टाकायचा. घोट्यानंतर ते पहिले पाच-सहा मीटर त्याला पूर्वीसारखे मिळेनात. म्हणून त्याने आपला खेळ पुन्हा मांडला. त्या काळातला त्याचा कोणताही सामना काढ आणि चेंडू नसताना फक्त त्याच्याकडे पाहत राहा. तो गोलकडे पाठ करून उभा असतो. मागचा बचावपटू त्याला हाताने नव्हे तर पाठीने कळतो. गुडघे किंचित वाकलेले, कंबर खाली, दोन्ही हात कोपरात वाकवून थोडे बाहेर, म्हणजे माणूस कोणत्या बाजूने येतो आहे ते समजावे. चेंडू येण्याच्या क्षणभर आधी तो स्वतःच मागे रेटतो. त्या धक्क्याने बचावपटूचा तोल जेमतेम हलतो, आणि तेवढ्या वेळात चेंडू छातीवर किंवा पायावर घेऊन तो बाजूच्या सहकाऱ्याला दिलेला असतो. मग तो लगेच वळतो आणि गोलक्षेत्राकडे निघतो, कारण क्रॉस तिथेच येणार हे त्याला माहीत असते. यात पळण्याचा वेग कुठेही लागत नाही. मांड्यांची ताकद लागते, आणि तीच तू गेले काही महिने माझ्याशी कुरकुर करत कमावतो आहेस.

अर्थात हा बदल एका दिवसात जमला नाही. १९९९ च्या ऑगस्टमध्ये न्यूकॅसलचे तेव्हाचे व्यवस्थापक रूड गुलिट यांनी त्याला संडरलँडविरुद्धच्या सामन्यात, म्हणजे शेजाऱ्यांशी असलेल्या हाडवैराच्या सामन्यात, बाकावर बसवले. मुसळधार पावसात न्यूकॅसल तो सामना हरले आणि काही दिवसांतच गुलिट यांनी पद सोडले. मग आले बॉबी रॉबसन, वयाची पासष्टी ओलांडलेले, त्याच मुलुखातले. त्यांनी नेमकी गोष्ट हेरली: शिअरर सतत गोलकडे पाठ करून खेळतो आहे आणि वळायचे विसरला आहे. त्यांनी त्याला पुन्हा गोलकडे तोंड करायला, बाजूने सटकून आत धावायला लावले. दुखापत झालेला खेळाडू सुरक्षित वाटणाऱ्या जागेत लपतो, तो तिथेच कायमचा राहू नये यासाठी बाहेरून पाहणारा एक डोळा लागतो. रॉबसन यांच्या कारकिर्दीतल्या घरच्या मैदानावरील पहिल्या सामन्यात, १९ सप्टेंबर १९९९ रोजी, गुणतक्त्याच्या तळाशी असलेल्या न्यूकॅसलने शेफील्ड वेन्सडेला ८-० ने हरवले आणि त्यातले पाच गोल एकट्या शिअररचे होते.

याच्या उलट बाजूला मी मायकेल ओवेनकडे पाहते, आणि ते करताना मला वाईट वाटते, कारण तो खेळाडू म्हणून कुठेही उणा नव्हता. सतराव्या वर्षी लिव्हरपूलकडून पदार्पण, २००१ मध्ये बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार. त्याचा सगळा खेळ वेगावर उभा होता आणि १९९९ च्या एप्रिलमध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, लीड्सविरुद्ध त्याची हॅमस्ट्रिंग फाटली. त्यानंतर आपण पूर्वीचे राहिलो नाही, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. मोठे गोल त्याने नंतरही केले, पण स्नायूंची दुखणी त्याचा पाठलाग करत राहिली, आणि २००६ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटात त्याचे एसीएल गेले. तेहेतिसाव्या वर्षी तो थांबला. शिअररला मिळालेले शरीर वेगळे, काळ वेगळा, नशीब वेगळे. दोघांना एकाच तराजूत तोलणे न्यायाचे होणार नाही. तरीही वाढत्या वयात शरीर नीट तयार व्हायच्या आत पुन्हा पुन्हा पळायला लावलेल्या मुलांचे पाय पुढे काय मागतात, हे मी रोज पाहते.

२००० च्या युरो स्पर्धेत जर्मनीविरुद्ध हेडरने विजयी गोल केल्यावर शिअररने इंग्लंडचा संघ सोडला, ६३ सामने आणि ३० गोल नावावर असताना, तिशीही पूर्ण व्हायच्या आधी. निर्णय त्याने स्पर्धेच्या कितीतरी आधी जाहीर केला होता. दोन ठिकाणी अर्धेअर्धे खेळण्यापेक्षा क्लबसाठी पूर्ण शरीर वाचवावे, असा त्याचा हिशेब होता. लगेचचा हंगाम गुडघ्याच्या दुखण्यात गेला आणि फक्त पाच गोल झाले. तेव्हा अनेकांनी तो संपल्याचे लिहिले. त्याच्या पुढच्या हंगामात त्याने तेवीस गोल केले. वय एकतीस. नंतर सतरा, मग बावीस. २००२ च्या डिसेंबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध लांबून मारलेली त्याची व्हॉली, म्हणजे हवेतल्या हवेत मारलेला फटका, आणि त्याच हंगामात चॅम्पियन्स लीगमध्ये मिलानच्या सान सिरोवर इंटरविरुद्ध केलेले दोन गोल तू जरूर पाहा. त्याच्या पेनल्टीही पाहा: प्रीमियर लीगमध्ये त्याने ५६ पेनल्टी गोलात घातल्या आणि अकरा चुकवल्या. चुकवल्यानंतर पुढची पेनल्टी घ्यायला तोच पुढे येत असे.

त्याच्या खेळातले सगळेच तू उचलावेस असे मी म्हणणार नाही. कोपरांचा वापर तो पंचांच्या सहनशक्तीच्या टोकापर्यंत करायचा. १९९८ मध्ये लेस्टरच्या नील लेननच्या चेहऱ्यावर त्याचा बूट लागला, तेव्हा फुटबॉल असोसिएशनने त्याच्यावर आरोप ठेवून चौकशी केली आणि त्याला निर्दोष ठरवले. निकाल काहीही असो, ते दृश्य पाहिले की माझ्या अंगावर आजही काटा येतो. शरीर वापरणे आणि दुसऱ्याचे शरीर दुखावणे यांत फार थोडे अंतर असते, आणि ज्याने दुखापत भोगली आहे त्याने तरी ते ओळखावे.

२००६ च्या फेब्रुवारीत पोर्ट्‌समथविरुद्ध गोल करून त्याने जॅकी मिलबर्नचा २०० गोलांचा जुना क्लब-विक्रम मागे टाकला. १७ एप्रिल रोजी संडरलँडविरुद्ध ४-१ असा विजय मिळवताना पेनल्टीवर गोल केला, तो न्यूकॅसलसाठीचा त्याचा २०६ वा, आणि थोड्याच वेळात गुडघ्याला मार लागून तो बाहेर आला. हंगामाचे मोजकेच सामने उरले होते, त्यानंतर तो निवृत्त होणारच होता. ते शेवटचे सामने तो खेळला नाही. मे महिन्यात सेल्टिकविरुद्ध झालेल्या त्याच्या निरोपाच्या सामन्यात तो सुरुवातीचा चेंडू मारण्यापुरता आणि शेवटी एक पेनल्टी घेण्यापुरताच मैदानात आला, आणि त्या सामन्यातून जमलेले सोळा लाख पौंडांहून अधिक पैसे त्याने सेवाभावी संस्थांना दिले.

आता तुझ्या कामाचे सांगते. सध्या पळण्याचा वेग मोजणे बंद कर. घड्याळ माझ्याकडे पाठवून दे, नाहीतर बाबांच्या खणात ठेव. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम आहेत तसेच चालू ठेव, आणि उडीवरून उतरण्याचा सराव आरशासमोर कर, म्हणजे गुडघा आत झुकतो ते तुलाच दिसेल. दोन सत्रांच्या मधला मोकळा वेळ मोबाइलवर घालवण्यापेक्षा न्यूकॅसलचे २००१ ते २००४ या काळातले सामने पाहा, आणि दर सामन्यात शिअररने चेंडू कोणत्या पायावर घेतला, कोणत्या बाजूला वळला आणि क्रॉस येताना तो जवळच्या खांबाकडे गेला की दूरच्या, एवढेच वहीत टिपून ठेव. भिंतीवर चेंडू मारून छातीवर घेण्याचा आणि जागेवरून पास देण्याचा सराव तुला आतापासून करता येईल, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, वळण न घेता. वळण्याची परवानगी ताकदीची चाचणी झाल्यावर मिळेल, त्याआधी नाही, आणि ती चाचणी मी घेणार नाही. आईच्या हातून सूट मिळते, म्हणून पुण्याच्या तुझ्या डॉक्टरांनाच ती घेऊ दे.

पुढच्या तपासणीत दोन्ही पायांच्या ताकदीचे आकडे मिळतील, ते लिहून मला पाठव. फक्त टक्के लिहू नकोस, दोन्ही पायांचे मूळ आकडे लिही. बाबा तुझ्यासाठी जुन्या सामन्यांची यादी करत आहेत, ती वेगळी पाठवते. जेवणात डाळ, अंडी, दही टाळू नकोस. आजी रोज तुझी चौकशी करते, तिला रविवारी फोन कर.

तुझी,
आई